कड

मार्च महिना, सातवीचा वर्ग, फळ्यावर मी लिहिलं:
साईड. क्रियापद. बाजू घेणे.
दिनेश कुमोटी मागच्या पट्टीवरून म्हणाला,
सर जी, साईड तं ट्रकवाले मागतेत,
टॅक्टरवाले देतेत.
घेते कोन?

मी म्हणालो, माणसं घेतात.
पोरं हसली. खडू तुटला.

शाळेतला शब्दकोश जाड, उंदरानं कडा कुरतडलेला.
त्यात लिहिलंय की हा शब्द क्रियापद व्हायच्या आधी नाम होता
आणि घराची, नदीची, भांडणाची बाजू व्हायच्या आधी
तो अंगावर होता:
काखेपासून कमरेपर्यंतचा पट्टा, बरगड्यांचा,
जिथं गुदगुल्या होतात
आणि भालाही तिथंच लागतो.

मला हे फार आवडलं. मी सांगतच सुटलो
की आपली बाजूसुद्धा फारसीतून आलेली, तिकडे ती दंड,
आणि पक्ष म्हणजे आधी पंख,
निवडणुका कितीतरी नंतरच्या.
कोणी ऐकत नव्हतं. बाहेर मोहाचा वास होता.

समीक्षा नैताम तेवढी उभी राहिली.
तिच्या डाव्या कमरेवर लहान भाऊ,
तो रोजच असतो, हजेरीत नाव नसलेला.
म्हणाली, आमच्या घरी कड घेते म्हणतात, सर.
बाबा बोलले की आजी माझी कड घेते.
आणि भाऊ घसरत होता म्हणून
तिनं त्याला उचकी देऊन पुन्हा वर घेतला,
कडेवर.

मी फळ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.
एका अंगाला कललेली होती ती,
कलल्याशिवाय ते ओझं राहतच नाही.
घंटा झाली.

मे महिन्यात तेंदूच्या फडीवर
झुनाबाई नैताम, समीक्षाची माय, मुंशीसमोर उकिडवी बसली होती.
पुडे ओळीनं मांडलेले, उन्हात.
शंभर हायेत, ती म्हणाली, तुमी पंच्याण्णव लिवले.
मुंशी म्हणाला, पाच फाटके.
ती म्हणाली, दाखवा.
बाकीच्या बाया आपापल्या पुड्यांची दोरी
पुन्हा पुन्हा आवळत राहिल्या.

मी सायकल धरून उभा होतो.
मुंशीनं खुर्ची सरकवली, पाणी मागवलं.
तुमीच सांगा सर, तुमी शिकलेले आहा.
उभ्या उभ्या मोजले होते मी. दहा ओळी, दर ओळीत दहा.
फाटका एकही दिसला नाही.

मी म्हणालो,
दोन्ही बाजू ऐकून घेतल्या पाहिजेत.

त्या दिवशी मी तो शब्द
नाम म्हणूनच वापरला.

झुनाबाई काही बोलली नाही माझ्याशी.
पदर झटकला, वहीवर अंगठा द्यायला नाही म्हणाली,
आणि तिथंच बसून राहिली.
मी निघालो तेव्हा तिची सावली खोडाएवढी होती,
नाल्यापलीकडून वळून पाहिलं तेव्हाही
ती बसलेली होती.

रात्री लाईट आली तसा वार्षिकचे पेपर काढले.
प्रश्न चौथा, वाक्यात उपयोग करा.
समीक्षाचं अक्षर मोठं, डावीकडे झुकलेलं.
माय मदर साईड्स.
एवढंच. पुढं पूर्णविराम, जोरात टोचलेला,
कागदाला भोक पडेपर्यंत.

विथ राहिलं, मी स्वतःशी म्हणालो.
कोणासोबत ते लिहावं लागतं, नाहीतर वाक्य अपुरं.
नियमाप्रमाणे अर्धा गुण कापला.

तो अर्धा गुण
पाच पुड्यांच्या शेजारी जाऊन बसला.

खाटेवर पडलो. डाव्या कुशीवर झोप येईना, उजव्या कुशीवर येईना.
शब्दकोशात लिहिलेली ती जागा
दोन्हीकडून दुखत होती.
पेपर टेबलावर तसाच आहे, वर लाल पेन, टोपण न लावलेलं.
निकाल सोमवारी.
फडी पहाटे पाचला उघडते.